जेसीबीचा मालक, साखरेचे दोन कारखाने आणि ब्रेग्झिट

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या गावच्या ओढ्याचा गाळ काढायला दोन जेसीबी आले होते. आम्ही काठावर बघत उभे होतो, तर कॉलेजात जाणारा एक पोरगा म्हणाला, या कंपनीच्या मालकानं ब्रिटनला युरोपातून बाहेर काढायला जोर लावला होता. मी तर वाचलं होतं की तिथले सगळे बडे धंदेवाले ‘राहा’ म्हणत होते. यातलं खरं काय? आणि एकाच देशातल्या कारखानदारांचं हित असं एकमेकांच्या उलट कसं असतं?
– एक वाचक, ता. कराड

उत्तर : तुम्ही वाचलेलं खरं आहे आणि तो मुलगा म्हणाला तेही खरं आहे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं आणि ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, म्हणजे ब्रेग्झिटच्या, बाजूनं मत दिलं. त्याआधी चार महिने, फेब्रुवारीत, ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आलं होतं. सुमारे २०० कंपन्यांच्या प्रमुखांच्या त्यावर सह्या होत्या, आणि लंडन शेअर बाजारातल्या पहिल्या १०० कंपन्यांपैकी ३६ कंपन्या त्यात होत्या. संघातच राहा, असं त्यांचं म्हणणं. ‘कॉन्फेडरेशन ऑफ ब्रिटिश इंडस्ट्री’ म्हणजे सीबीआय या उद्योगसंघटनेनं सभासदांचा कौल घेतला तेव्हा ८० टक्के ‘राहू या’ म्हणाले, ‘निघू या’ म्हणणारे जेमतेम ५ टक्के निघाले. दुसऱ्या बाजूला जेसीबीचे अध्यक्ष लॉर्ड अँथनी बॅमफर्ड, व्हॅक्यूम क्लीनरवाले जेम्स डायसन आणि वेदरस्पून या पबच्या साखळीचे टिम मार्टिन उघडपणे बाहेर पडण्याच्या बाजूचे होते. ही माणसं किरकोळ नव्हेत.

मात्र त्या ३६ आकड्याकडे जरा नीट पाहा. पहिल्या शंभरातल्या ६४ कंपन्यांनी सही केली नव्हती. टेस्को आणि सेन्सबरी या किराणा मालाच्या बलाढ्य दुकानसाखळ्याही गप्प राहिल्या. ज्यांच्या दुकानात दोन्ही मतांचं गिऱ्हाईक रोज येतं, ते एका बाजूला कशाला जातील? धंद्याच्या हिताबद्दल बोलताना हा गप्प राहिलेला वर्ग आपण नेहमी विसरतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर साखरेत आहे, आणि कराडकडच्या माणसाला ते मी सांगायची फारशी गरज नाही. तिकडे साखरेचे दोन धंदे शेजारी शेजारी नांदतात. पूर्व इंग्लंडमध्ये शेतकरी शुगरबीट लावतात आणि ब्रिटिश शुगर ही कंपनी तिच्या चार कारखान्यांत त्याची साखर करते. आणि लंडनच्या पूर्वेला, टेम्स नदीच्या काठी सिल्व्हरटाऊन इथं टेट अँड लाइल शुगर्सचा कारखाना आहे. हेन्री टेट यांनी तो १८७८ मध्ये सुरू केला. या कारखान्याच्या आसपास शेत नाही की बांध नाही. फिजी, बेलीझसारख्या देशांतून उसाची कच्ची साखर जहाजानं थेट धक्क्यावर उतरते आणि तिथं ती शुद्ध होते. ब्रिटिश माणसाच्या चहात दोन्ही साखरा सारख्याच विरघळतात, पण त्यांचं राजकारण पूर्ण वेगळं आहे.

युरोपीय संघाला फ्रान्स, जर्मनी, पोलंडमधल्या बीट उत्पादकांचं रक्षण करायचं होतं. त्यासाठी बाहेरून येणाऱ्या कच्च्या साखरेवर टनाला ३३९ युरो इतकं आयात शुल्क होतं. काही गरीब देश आणि जुन्या वसाहती यांना त्यातून सूट होती, काही माल कमी शुल्काच्या कोट्यात येई. पण ब्राझीलसारख्या स्वस्त आणि भरपूर साखर पिकवणाऱ्या देशाचं दार जवळपास बंदच. म्हणजे जी भिंत बीटवाल्याला सावली देत होती, तीच टेट अँड लाइलच्या छातीवर उभी होती. तेव्हा टेट अँड लाइल शुगर्सनं ‘बाहेर पडा’ म्हणावं यात नवल ते काय! कंपनीनं ही बाजू लपवलीही नाही. आणि ब्रिटन युरोपीय बाजारपेठेतून प्रत्यक्ष बाहेर पडला त्या दिवसापासून, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटिश सरकारनं वर्षाला २ लाख ६० हजार टन कच्ची साखर बिनशुल्क आणायची मुभा दिली. ती कुठल्याही देशातून आणता येते. कच्ची साखर मोठ्या प्रमाणावर शुद्ध करणारा कारखाना देशात मुख्यतः एकच असल्यामुळे ही मुभा कुणाच्या पदरात पडली ते वेगळं सांगायला नको. ब्रिटिश शुगरनं तिला न्यायालयात आव्हान दिलं, पण त्यांची याचिका फेटाळली गेली. आमच्या शेतकऱ्याला जी कीटकनाशकं वापरायची बंदी आहे ती फवारून पिकवलेली साखर बिनशुल्क कशी येते, हा बीटवाल्यांचा सवाल मला आजही रास्त वाटतो.

एका देशात, एका पदार्थात, दोन कंपन्यांची हितं अशी आमनेसामने उभी असतात. साखरेचे भाव वाढावेत म्हणून दिल्लीकडे डोळे लावणारा आपला कारखानदार आणि तेच भाव उतरावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलेला बिस्किटवाला यांना ‘उद्योगजगत’ या एका नावानं हाक मारली तर कुणाची ओ येणार? म्हणून ‘उद्योगजगताचं म्हणणं’ असा मथळा दिसला की तीन गोष्टी विचाराव्यात : बोलणारा आपला माल विकतो कुठं, कच्चा माल आणतो कुठून, आणि कुणाचा नियम याच्या मानेवर बसलेला आहे?

जेसीबीला हीच कसोटी लावू. स्टॅफर्डशायरमध्ये १९४५ साली एका लहानशा गॅरेजात जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी धंदा सुरू केला. त्यांच्या नावाची आद्याक्षरं म्हणजेच जेसीबी. आज कंपनी कुटुंबाच्या मालकीची आहे. तिची यंत्रं जगभर जातात. भारत ही तिची फार मोठी बाजारपेठ असून पुण्याजवळ, बल्लभगडला, जयपूरला आणि गुजरातेत तिचे कारखाने आहेत. तुमच्या ओढ्यात उतरलेलं यंत्र भारतातच बनलेलं असण्याची शक्यता दाट. भारतात बनवून भारतात विकायच्या मालाला ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, शिक्क्याशी काय देणंघेणं? शिवाय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपियन कमिशनशी कंपनीचं जुनं भांडण होतं. विक्रेत्यांनी आपल्या हद्दीबाहेर माल विकू नये अशी व्यवस्था केल्याबद्दल कमिशननं २००० साली जेसीबीला सुमारे ४ कोटी युरोचा दंड ठोठावला होता. पुढे न्यायालयानं तो कमी केला, पण रद्द केला नाही. त्या दंडामुळेच बॅमफर्ड यांचं मत बनलं असं मी म्हणणार नाही, माणसाच्या मनात शिरून कुणाला पाहता येत नाही. सार्वमताआधी त्यांनी कामगारांना पत्र लिहून आपली बाजू मांडली. निकालानंतर काही महिन्यांतच जेसीबी सीबीआयमधून बाहेर पडली. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी जेसीबीवर बसून थर्माकोलच्या विटांची भिंत फोडली, ती याच कंपनीच्या आवारात. पुढे एप्रिल २०२२ मध्ये ते भारतात आले तेव्हा गुजरातेत हालोलच्या जेसीबी कारखान्यातही गेले.

डायसन यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९० च्या दशकाअखेर ब्रिटननं युरो चलन स्वीकारावं, नाहीतर निर्यातदार मरतील, असं ते बजावत होते. तेव्हा त्यांचे व्हॅक्यूम क्लीनर इंग्लंडमध्ये माम्सबरीला बनत. २००२ मध्ये उत्पादन मलेशियाला गेलं. एकदा मलेशियातूनच माल निघायला लागला की ब्रिटन युरोपात असो वा नसो, युरोपच्या बंदरावर त्या मालाची वागणूक तीच. उरला तो नियमांचा जाच. युरोपीय संघानं २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरवर वीजबचतीचं लेबल सक्तीचं केलं आणि चाचणी घ्यायची ठरवली ती धूळपेटी रिकामी ठेवून. डायसन यांचा आक्षेप होता की पिशवी असलेल्या यंत्रांना याचा आयता फायदा मिळतो, कारण ती धूळ भरल्यावरच दमतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपच्याच न्यायालयानं त्यांचं म्हणणं मान्य करून तो नियम रद्द केला. म्हणजे राग अगदीच अनाठायी नव्हता. पण कारखाना हलला तसं मतही हललं, हे मात्र नोंदवून ठेवावं लागतं. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीनं आपलं मुख्यालयही सिंगापूरला नेत असल्याचं जाहीर केलं. त्याचा ब्रेग्झिटशी संबंध नाही, असा खुलासा कंपनीनं केला.

वेदरस्पूनचं सोपं आहे. सार्वमताच्या वेळी तिचे पब ब्रिटन आणि आयर्लंडमध्येच होते. टिम मार्टिन यांनी पबमधल्या बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर बाहेर पडण्याचा प्रचार छापला आणि २०१८ मध्ये फ्रेंच शॅम्पेनऐवजी ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन वाइन ठेवण्याची घोषणा केली.

आता पलीकडची बाजू. मोटार कंपन्या एवढ्या घाबरल्या होत्या का? होंडाच्या प्रतिनिधीनं नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितलेले आकडे ऐका. स्विंडनच्या कारखान्यात युरोपातून रोज ३५० ट्रक सुटे भाग घेऊन येत. कारखान्यात साठा किती? सुमारे एक तासाचा. सीमेवर प्रत्येक ट्रक १५ मिनिटं जास्त थांबला तर वर्षाला साडेआठ लाख पौंडांचा भुर्दंड. गोदामाचं भाडं वाचवून, माल वेळेवर येईल या भरवशावर तीस वर्षं बसवलेली ही घडी होती, आणि तो भरवसा सीमेवर कुणी अडवत नाही यावर उभा होता. टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचंही तेच. तिचे तेव्हाचे प्रमुख राल्फ स्पेथ यांनी जुलै २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला की युरोपशी करार बिनसला तर कंपनीला वर्षाला १.२ अब्ज पौंडांचा फटका बसेल. ‘बॉम्बे हाऊस’ला, म्हणजे टाटांच्या मुख्यालयाला, तेव्हा लंडनच्या बातम्या मुंबईच्या बातम्यांइतक्याच बारकाईनं वाचाव्या लागत असणार.

लंडनच्या बँकांना भीती वेगळी. एका सदस्य देशात मिळालेल्या परवान्यावर सगळ्या संघात धंदा करायची सोय त्यांना होती. ती जाणार होती. गोल्डमन सॅक्स आणि जेपी मॉर्गन यांनी ‘राहू या’ मोहिमेला प्रत्येकी ५ लाख पौंड दिले. त्याच लंडनमधल्या काही हेज फंडवाल्यांना मात्र २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर युरोपनं लादलेले नवे नियम टोचत होते, आणि त्यांच्यातल्या काहींचा पैसा बाहेर पडण्याच्या बाजूला गेला. गुंतवणूक व्यवसायातले पीटर हारग्रीव्ह्ज यांनी एकट्यानं त्या बाजूला ३२ लाख पौंड दिले.

यातून मला दिसतं ते असं : ‘राहा’ म्हणणारे बहुतेक पगारी व्यवस्थापक होते आणि ‘निघा’ म्हणणारे बहुतेक मालक. पगारी प्रमुखाला पुढच्या तिमाहीचे आकडे भागधारकांपुढे ठेवायचे असतात, त्याला अनिश्चितता परवडत नाही. ज्यानं स्वतः कंपनी उभी केली, किंवा ज्याच्या बापानं केली, त्याला नफ्यापलीकडे देशाबद्दल, सत्तेबद्दल, स्वातंत्र्याबद्दल स्वतःची मतं असतात आणि ती बोलून दाखवायची मोकळीकही. म्हणून बॅमफर्ड किंवा डायसन बोलतात तेव्हा ते कंपनीचं हित सांगतात की स्वतःचं मत, हे वेगळं करून पाहावं लागतं. ब्रिटिश चेंबर्स ऑफ कॉमर्सचे महासंचालक जॉन लाँगवर्थ यांच्यापुढे हाच पेच आला. संघटना तटस्थ होती. मार्च २०१६ मध्ये त्यांनी जाहीरपणे बाहेर पडण्याच्या बाजूनं मत मांडलं, निलंबित झाले आणि त्यांनी राजीनामा दिला.

प्रश्न : कारखान्यानं सांगितलं की संघात राहण्यात तुमच्या नोकरीचं हित आहे, तरी त्याच गावातल्या कामगारांनी उलट मतदान केलं, असं आम्हाला वर्गात शिकवलं. हे कसं झालं? की दुसऱ्या बाजूकडे पैसा जास्त होता?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : वर्गात बहुधा संडरलंडचं उदाहरण दिलं असेल. ईशान्य इंग्लंडमधलं हे शहर. तिथं निसानचा मोटार कारखाना १९८६ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते सुरू झाला. मोटारी बनवायच्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त युरोपात पाठवायच्या, हे त्याचं गणित. निसाननं संघात राहण्याच्या बाजूनं मत मांडलं होतं. इतकंच नव्हे, बाहेर पडण्याच्या मोहिमेनं आपल्या पत्रकावर निसानचं बोधचिन्ह छापलं म्हणून कंपनी न्यायालयात जायला निघाली. आणि संडरलंडनं ६१.३ टक्के मतं दिली ती बाहेर पडण्याला.

पैशानं हे उलगडत नाही. दोन्ही अधिकृत मोहिमांवर प्रत्येकी ७० लाख पौंडांची खर्चमर्यादा होती. ‘व्होट लीव्ह’ या बाहेर पडण्याच्या मोहिमेनं ती ओलांडल्याचं निवडणूक आयोगाला आढळलं आणि २०१८ मध्ये ६१ हजार पौंडांचा दंडही झाला, तो गुन्हा गंभीरच आहे. पण सरकारनं स्वतः ९३ लाख पौंड खर्चून घरोघरी ‘राहा’ सांगणारं पत्रक पाठवलं होतं, हेही त्याच पानावर लिहिलं पाहिजे.

खरं कारण त्या शहराच्या आठवणीत आहे. संडरलंड जहाजबांधणीचं गाव. तिथल्या गोद्या १९८० च्या दशकाअखेर बंद पडल्या. वेअर नदीकाठची मंकवेअरमाउथची कोळसा खाण १९९३ मध्ये बंद झाली. आज त्या जागेवर फुटबॉलचं मैदान आहे. हे सगळं घडलं तेव्हा ब्रिटन युरोपीय बाजारपेठेत होताच. ‘बाहेर पडलात तर नोकऱ्या जातील’ हा इशारा ज्याच्या बापाची नोकरी आत असताना गेली त्याच्या कानाला कसा लागेल, हे तूच सांग. त्यात २००८ मध्ये बुडणाऱ्या बँकांना सरकारनं करदात्यांच्या पैशातून वाचवलं. एकट्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये ४५ अब्ज पौंड ओतले. नंतर काटकसर आली ती वाचनालयांवर आणि नगरपालिकांवर. आणि २०१६ मध्ये त्याच बँका, त्याच कंपन्या सांगायला आल्या की तुमचं हित आम्हाला कळतं.

अशा वेळी एखादं वाक्य सगळं उघडं करतं. स्टुअर्ट रोज हे मार्क्स अँड स्पेन्सरचे माजी प्रमुख, ‘राहू या’ मोहिमेचे अध्यक्ष. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांना विचारलं गेलं की युरोपातून कामगारांचं येणं थांबलं तर इथल्या मजुरीचं काय होईल? ते म्हणाले, मजुरी वाढेल. पण ही चांगलीच गोष्ट असं नाही. माणूस प्रामाणिक होता, अर्थशास्त्राच्या दृष्टीनंही त्यांचं बोलणं एका मर्यादेत बरोबर होतं. पण गोदामात ताशी मजुरीवर काम करणाऱ्यानं ते ऐकलं तेव्हा त्याला एवढंच कळलं की मालकाचं हित आणि आपलं हित एक नाही. विरोधकांनी ते वाक्य हातोहात उचललं. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश संघात आल्यावर पोलंड, लिथुआनियातून कष्टाळू माणसं आली. अन्नप्रक्रिया कारखान्यांना, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांना, बांधकामाला ती हवीच होती. कंपन्यांनी वर्षानुवर्षं हा फायदा घेतला, पण त्या माणसांच्या वस्तीत शाळा, दवाखाने, घरं वाढावीत म्हणून त्यातल्या किती सरकारच्या मागे लागल्या? माझं मत विचारशील तर, उद्योगांचा आवाज तिथं कमी पडला.

१९७५ मध्ये याच प्रश्नावर पहिलं सार्वमत झालं होतं. तेव्हाही बहुतेक कंपन्या ‘राहा’ म्हणत होत्या, आणि ६७ टक्के लोकांनी त्यांचं ऐकलं. त्या वेळी थॅचरही ‘राहा’ म्हणत होत्या. चाळीस वर्षांत कंपन्यांचे ताळेबंद सुधारले, पण त्यांच्या शब्दावरचा विश्वास उडाला. धंदेवाल्यांचा पक्ष समजल्या जाणाऱ्या हुजूर पक्षाच्याच सरकारनं मग कंपन्यांच्या इशाऱ्यांकडे पाठ फिरवली. २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री असलेल्या जॉन्सन यांनी उद्योगांच्या चिंतेवर एक शिवी हासडल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यांनी त्या स्पष्टपणे नाकारल्या नाहीत.

प्रश्न : शेवटी फायदा कुणाचा झाला? आणि आमच्यासारख्या द्राक्ष निर्यात करणाऱ्या बागायतदाराला याचा काही संबंध आहे का?
– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड

उत्तर : ज्यांचा आवाज वादात सर्वांत कमी ऐकू आला, त्यांना सर्वांत जास्त सोसावं लागलं. लहान निर्यातदार. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या करारामुळे युरोप आणि ब्रिटन यांच्यातल्या मालावर आयात शुल्क लागलं नाही, पण कागद लागले. चेशायरमधल्या एका चीज कंपनीला युरोपातल्या गिऱ्हाइकाला पंचवीस-तीस पौंडांची भेटपेटी पाठवायची तर १८० पौंडांचं पशुवैद्यकीय प्रमाणपत्र लागू लागलं. तो धंदा तिथंच संपला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी हिशेब मांडला की युरोपात माल पाठवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांपैकी सुमारे १४ टक्के कंपन्यांनी या करारानंतर ते बंद केलं, आणि त्यांत लहान कंपन्याच जास्त होत्या. मोठ्यांनी हॉलंडमध्ये गोदाम घेतलं, कागदपत्रांना माणसं नेमली आणि त्या पुढे चालत राहिल्या.

ज्यांचा हात मंत्र्यापर्यंत पोहोचत होता त्यांची सोय झाली. सरकारनं ऑक्टोबर २०१६ मध्ये निसानला आश्वासनाचं पत्र दिलं होतं, आणि २०२१ मध्ये संडरलंडला विजेच्या गाड्यांचा मोठा प्रकल्प जाहीर झाला. टाटांनी २०२३ मध्ये सॉमरसेटला ४ अब्ज पौंडांचा बॅटरी कारखाना जाहीर केला, तोही मोठ्या सरकारी मदतीसह. होंडानं स्विंडनचा कारखाना २०२१ मध्ये बंद केला. कारण जगभरच्या बदलत्या धंद्याचं आहे, ब्रेग्झिटचं नाही, असं कंपनीनं सांगितलं. मच्छीमारांचं मला सर्वांत वाईट वाटतं. बाहेर पडण्याच्या सगळ्या मोहिमेत त्यांच्या होड्या पुढे काढल्या, टेम्सवरून मिरवल्या. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडचे मासळीवाले माल सडतोय म्हणून ट्रक घेऊन संसदेपाशी आले. मे २०२५ मध्ये ब्रिटननं युरोपीय होड्यांना आपल्या समुद्रात २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा दिली, कारण खाद्यपदार्थांच्या सीमेवरच्या तपासण्या कमी करून घ्यायच्या होत्या.

आता तुमच्या द्राक्षांकडे येतो. संबंध आहे, आणि तो थेट आहे. २०२० संपेपर्यंत रॉटरडॅमला उतरलेला माल तिथून इंग्लंडला जाणं म्हणजे एकाच बाजारात इकडून तिकडे जाणं होतं. आता ती दुसरी सीमा आहे. कीटकनाशकांच्या अंशाची मर्यादा, म्हणजे तुम्ही रोज ज्याला एमआरएल म्हणता ती, १ जानेवारी २०२१ रोजी दोन्हीकडे सारखीच होती. त्यानंतर ब्रिटनची यादी वेगळी चालते आणि युरोपची वेगळी. काही औषधांच्या बाबतीत त्या एकमेकींपासून दूर गेल्या आहेत. उत्तर आयर्लंडला मात्र अजून युरोपचेच नियम आहेत. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. शुल्क कमी होणं चांगलंच आहे, पण रेसिड्यूमध्ये नापास झालेल्या कंटेनरला कमी शुल्काचा उपयोग नाही.

तेव्हा ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच निर्यातदाराला विचारा, माल इंग्लंडला जाणार की हॉलंडला. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची ताजी यादी समोर ठेवा, फवारणी आणि काढणी यांमधले दिवस वहीत लिहा. माल कुठं जाणार हे पक्कं ठरत नसेल, तर दोन्हींपैकी जी मर्यादा कडक असेल ती धरून फवारणी करा.